उपाशीपोटी सोनोग्राफी

आमच्या स्वयंपाकघरातला गुळाचा डबा मी दोनदा माळ्यावर ठेवला. पहिल्यांदा माझ्या मनाने, दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. त्यातलं कुठलं बरोबर आणि कुठलं चूक, हे सांगणं सोपं असायला हवं. मला ते जमत नाही.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी हाका मारल्या की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. कपाळ गार, घामेजलेलं. कशीबशी उठली की तडक स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकायची. गूळ बायकोच्या भावाच्या गुऱ्हाळातून येतो, त्यामुळे डबा कधी रिकामा नसायचा. आमच्या घरी वडिलांपासूनची चाल अशी की आंघोळ होऊन देवापुढे दिवा लागल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मी हायस्कुलात शिक्षक आहे. शिस्त आपल्याच घरात नसेल तर वर्गात कुठल्या तोंडाने सांगायची, असं मला वाटायचं. एके दिवशी स्टुलावर चढून मी डबा वर ठेवून दिला. ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथेच पेंगायला लागली. मी त्याला आळस म्हटलं.

हातपाय बारीक आणि पोट मात्र पुढे आलेलं. शेजारी म्हणायचे, जंत असतील. माझी आई म्हणायची, खात्यापित्या घरची पोर आहे, नजर लावू नका.

मग एक दिवस बालवाडीतून फोन आला की प्रार्थनेला उभी असताना ती खाली बसली आणि बोलेनाशी झाली. बाईंनी साखरपाणी पाजलं तशी ती शुद्धीवर आली. आम्ही तिला राजारामपुरीत मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सकाळच्या झोपेबद्दल विचारलं. रक्तातली साखर वरचेवर कमी होत असणार, असं म्हणाल्या आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. साखर रक्तातली, मग बघायचं पोटात का, हे मला कळेना. त्यांनी समजावलं की रात्रभर आपण खात नाही तेव्हा साखर लिव्हर पुरवतं. हिचं लिव्हर हाताला मोठं लागत होतं. ते किती वाढलंय, आणखी कुठे गाठबीठ नाही ना, हे पाहायचं होतं. निघताना त्यांनी बजावलं, "हिला उपाशी ठेवू नका. दूधभात घालूनच आणा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दूधभात कालवला तेव्हा मी तिला थांबवलं. डॉक्टरबाईंच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर सोनोग्राफी होती आणि तिथल्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं: पोटाच्या तपासणीसाठी सहा तास उपाशी. शिवाय माझ्या पित्ताशयाच्या खड्यांच्या वेळी मी चहाबिस्किट खाऊन गेलो होतो आणि मला परत पाठवलं होतं. मला अनुभव होता.

"अहो, डॉक्टरबाईंनी खायला घालूनच आणा म्हटलंय की," बायको म्हणाली.

मी म्हटलं, पोटात अन्न असलं की आतलं दिसत नाही, आणि उगाच हेलपाटा पडेल. तिने वाटीवर ताटली झाकली.

तिथे गर्दी होती. मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली. आज कशी शहाण्यासारखी शांत आहे, असं माझ्या मनात आलं, हे मला आजही लिहवत नाही. शेजारी आजऱ्याकडची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "पावणं, पोरीचं डोळं बघा की. ही झोप न्हवं."

मी मुलीला उचलून जिना चढलो, वर डॉक्टरबाईंकडे. नर्सने बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला नाही, नुसतं 'लो' आलं. डॉक्टरबाईंनी आधी झटपट रक्त काढून घेतलं आणि लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. काही मिनिटांत तिने डोळे उघडले आणि आईला हाक मारली.

"उपाशी कुणी ठेवलं हिला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खाली काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं," मी म्हणालो.

मी काउंटरवर कुणाला काही विचारलंच नव्हतं. माझ्यासमोर डॉक्टरबाईंनी खाली फोन लावला आणि त्या बाईला फैलावर घेतलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. 

दुपारी मुलगी पोटभर खिचडी खाऊन सोनोग्राफीला गेली. सगळं दिसलं. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवून लिव्हरची कड कुठवर उतरली आहे ते दाखवलं. किडन्याही थोड्या मोठ्या होत्या. स्वादुपिंडात गाठ नव्हती. त्यांचं म्हणणं असं की लिव्हरची कोठी साखरेने भरलेली आहे, पण तिचं दार उघडत नाही. पुढे रक्ताच्या तपासण्यांनी तेच पक्कं केलं. आजार जन्माचा निघाला.

आणि मग डॉक्टरबाईंनी जे सांगितलं त्याने मी पुरता गोंधळलो. साखर तळाला गेलेली असताना घेतलेलं ते रक्त फार उपयोगी पडलं होतं. नाहीतर हिला दाखल करून, देखरेखीखाली मुद्दाम उपाशी ठेवावं लागलं असतं. "पण म्हणून तुम्ही केलंत ते बरोबर ठरत नाही," असंही त्या म्हणाल्या. मी दोन्ही वाक्यं घेऊन घरी आलो. कुठलं आधी धरावं, ते समजत नव्हतं.

आता तिला ठरावीक वेळाने पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लॉवर द्यावं लागतं. साखर आणि गूळ मात्र बंद, कारण तिच्या लिव्हरला तो गोडवा पेलत नाही. म्हणजे मधल्या काळात खाली आलेला डबा पुन्हा माळ्यावर. मी स्टुलावर चढलो तेव्हा ती खालून म्हणाली, "पप्पा, मी आंघोळ केलीया की."

परवा पुन्हा सोनोग्राफी होती. काउंटरवर तीच बाई. दोन वर्षं मी तिची नजर चुकवत होतो. या वेळी सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली. "मला हितं रोज कोण ना कोण वरडतंय, काका. कुठलं कुठलं ध्यानात ठिवू? पोरीला खायला घातलंय न्हवं?"

घातलंय, म्हटलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"झालं का समाधान?" बायको म्हणाली. "आता पोरीला कधी सांगताय?"

कारण मुलगी आता सहा वर्षांची आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ती माळ्याकडे बोट करून सांगते, की माझा आजार डॉक्टरांच्या आधी आमच्या पप्पांना कळला होता, म्हणून तर त्यांनी गूळ वर ठेवलता. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहाचा कप उचलतो.

काल सकाळी आंघोळीआधीच तिने कॉर्नफ्लॉवरचा पेला संपवला आणि माझ्या हातात दिला. मी तिला शेजारी बसवून म्हटलं, त्या डब्याचं एक सांगायचं राहिलंय. ती ऐकायला बसली. सुरुवात कुठून करायची, ते मला सुचेना.