दाजींचं धोंड्याचं जेवण

अगं, ये इकडं, जवळ बस. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? आणि मघाशी गल्लीतल्या त्या जाड्या माणसाला बघून फिदीफिदी हसलीस, ते मला मुळीच आवडलं नाही. का, ते ऐक.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, भवानी पेठेत लुगड्यांचं दुकान चालवायचे. बसले की अख्खी गादी भरायची. आईला त्याचं कोण कौतुक! "जावई कसा भरल्या अंगाचा! नाहीतर शेजारणीचा, नुसती काठी." दाजी म्हणायचे, "सासूबाई, तुमच्या पुरणाचीच करामत की ही!"

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता, तीन वर्षांनी येणारा, जावयाला जेवू घालायचा. महिना लागला आणि दाजींच्या पोटात कळ उठली, ती थेट पाठीत. घरच्यांनी वायगोळा म्हणून ओवा दिला, हिंग लावला, शेवटी टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "जठरामागची ग्रंथी सुजली होती. या खेपेला निभावलं. पण एवढ्या वजनाच्या माणसाला हे दुखणं लई जड जातं. सडपातळ माणूस यातून उठेल, ह्यांचा श्वास पुरायचा नाही. तूप, तळण बंद. अंग उतरवा."

दाजींनी ऐकलं हो! भाकरी आणि पातळ ताकावर आले. जरा उतरले, तर बायका कुजबुजल्या, "दुकान बसलं वाटतं."

अमावास्येला महिना संपणार, आणि आईचं जेवण राहिलेलं. तिनं दोघांना बोलावलंच.

"मला नको, सासूबाई. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टराला धोंड्याचं काय कळतंय? आज चुकलं की तीन वर्षं गेली. पुरणाचा एकच धोंडा खा, माझ्या लेकीच्या सौभाग्यासाठी."

बहीण म्हणाली, "राहू दे की गं, आई."

"तू गप्प बस! नवऱ्याला वाळवलंस, लोक मला विचारतात."

दाजी लाजेकाजेस्तव जेवले. एक धोंडा आईचा, एक काकूचा, एक मावशीचा, वर तुपाची धार, मग अनारसे. नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर हातावरच वाढलं!

संध्याकाळी कळ उठली. दवाखान्यात श्वास लागला, लघवी बंद झाली. डॉक्टरांनी हात टेकले. दाजी गेले.

आणि तेराव्याला त्याच बायका, पुसलेल्या कपाळाच्या माझ्या बहिणीसमोर म्हणतात कशा, "खाण्यापायी गेला. हावराच होता." हावरा? ज्यांनी वाढलं त्यांनी म्हणावं हे? अजून माझी कानशिलं तापतात. आई म्हणाली, नशीब. कसलं नशीब! नको म्हणणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नाही, एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस मी आईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

उद्या तू सासरी निघालीस. लग्नानंतर जावई माझ्याकडं जेवलेले नाहीत. घेऊन ये त्यांना. नको म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारायची नाही मी. पण ये बाई लवकर, वाट बघायला लावू नकोस.