कांबळेबाईंकडे न गेलेले चार महिने

कांबळेबाई कुणालाही ‘कशी आहेस?’ असं विचारत नसत. रस्त्यात कुणी भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, “आज चाललीस का?” विट्याच्या आमच्या शाळेत त्या तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण मैदानावर पाऊल पडलं की गावचं बोलणं सुरू. “ए, हातपाय हालीव की गं! उन्हं खायाला आलीस व्हय?” मी त्यांची नावडती विद्यार्थिनी. दर मंगळवारी, खो-खोच्या तासाला, पोटदुखीची चिठ्ठी आणणारी. ती वाचून म्हणायच्या, “तुज्या पोटाला बरं कळतंय गं, आज मंगळवार हाय ते!”

तीच मी, लग्नानंतर सात वर्षांनी, आईकडे परत आले आणि अंथरुणात शिरले ती बाहेर येईना. नवऱ्याचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान होतं, दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचा संसार. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या वेळी तर मला रडूसुद्धा आलं नाही. आंघोळ नको, जेवण नको, कुणाचा आवाज नको. सांगलीच्या डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि रोज चालायला जा म्हणाले. गोळ्या आई हातावर ठेवायची म्हणून पोटात जात होत्या. चालणं काही तिला माझ्या हातावर ठेवता येईना.

आईला बाई बाजारात भेटल्या, तिने माझं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या आमच्या दारात. सरळ खोलीत आल्या, माझ्या पायाशी बसल्या. हातात कॅनव्हासचे बूट. “उठायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “नुस्तं बूट घाल. घालून झोप पायजे तर.”

मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “बाई, मला नाही इच्छा.”

“इच्छा कुणी इचारली तुला? मनाला इचारूच नगंस. मन खोटं बोलतंय सध्या. पायाला इचार.”

त्या दिवशी मी खरोखर बूट घालून झोपले. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेले. चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत. महिन्याभरात आम्ही कराड रस्त्याला लागलो. बाई साठी ओलांडलेल्या, साडीवर बूट, चाल अशी की मला धाप लागावी. निघण्याआधी एकच चौकशी करायच्या, “गोळी घेतलीस?” दोन महिन्यांनी मीच म्हणाले, आता चालते आहे तर गोळ्या बंद करू का? तर भर रस्त्यात थांबल्या. “मी डाक्टर हाय व्हय? ते सांगलीला इचारायचं. मी फकस्त पायाची मास्तरीण.”

फार दिवस काहीच फरक वाटला नाही. एकदा तर मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. कितीतरी महिन्यांनी आलेलं रडू होतं ते. बाई शेजारी बसल्या. पाठीवर हात नाही, समजूत नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. मग म्हणाल्या, “झालं आसंल तर चल. न्हाई झालं तर चालता चालता रड. घर तिकडंच हाय.”

आणि एका सकाळी नाक्यावरच्या गाड्यावरून भज्यांचा वास आला. मी बोलून गेले, “भूक लागली.” बाईंनी भजी घेतली, कागद माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “कढईचा धूर लय हाय.”

वर्षाने मी सावरले. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. नवऱ्याने तिकडचं दुकान भावाकडे सोपवून साताऱ्यात धंदा सुरू केला, मला तिथं शाळेत नोकरी लागली. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढायची आणि वर पोचल्यावर बाईंना फोन करायची. फोन पुढे आठवड्याचा झाला, मग महिन्याचा.

तीन वर्षांनी आईचा फोन आला. बाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं. मी लगेच बाईंना फोन केला. “रविवारी येते,” म्हणाले. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. दर आठवड्याला मी फोनवर ‘रविवारी नक्की’ म्हणत राहिले. मग आई म्हणाली, “अगं, त्या उठतच नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्यालाही हाकलून लावलं. भिंतीकडं तोंड करून असतात.”

त्यानंतर तर मी फोनही केला नाही. खरं कारण आज लिहिते. साताऱ्याहून विटा काही लांब नाही. मला त्या खोलीची भीती वाटत होती. ते भिंतीकडचं तोंड मला ओळखीचं होतं. मी तिथं गेले तर ते पुन्हा मला धरेल असं वाटायचं. जगात एका माणसाला तरी बाईंचं काय चाललंय हे नेमकं कळत होतं, आणि ते माणूस घरात बसून राहिलं.

चार महिन्यांनी गेले. भाची संगीता त्यांचं सगळं करत होती. बाई निम्म्या झाल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आलीस? वाट चुकली व्हय?”

मी पाय धरले. “बाई, चुकले. माफ करा.”

“माफबिफ काय न्हाई. राग आलाय मला. ऱ्हाऊ दे तो राग. तू यायला पायजे हुतंस.”

आठ दिवस रजा काढून राहिले. पहिले दोन दिवस त्या भिंतीकडेच तोंड करून होत्या. तिसऱ्या दिवशी वॉकर पुढे ओढून म्हणाल्या, “धर मला. पर बोलू नगंस.” त्या दिवशी दारापर्यंत गेलो, शेवटच्या दिवशी अंगणातल्या नळापर्यंत. पुढे मी दर रविवारी जात राहिले. बाईंचा चेहरा उजळला, गल्लीतल्या पोरींना दारातून ओरडायला लागल्या. पण गल्लीच्या टोकापलीकडे त्या कधीच गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, पायाची ताकद परत यायची ती ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत. ते महिने गेले.

दीड वर्षाने बाई झोपेतच गेल्या. शाळेत शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी बूट घालून झोपल्याची गोष्ट सांगितली, लोक हसले, रडले. मुख्याध्यापक म्हणाले, “शेवटी या विद्यार्थिनीनेच बाईंना उभं केलं.” मी खाली मान घालून ऐकून घेतलं. चूक दुरुस्त केली नाही.

सभा संपल्यावर संगीता जवळ आली. “लय छान बोललात ताई,” ती म्हणाली. “मावशीचा तुमच्यावर लय जीव. ती अंथरुणात हुती न्हवं, चार महिने, तवा कशालाच उठायची न्हाई. पर दर रविवारी सकाळी मला म्हणायची, केस इंचर माझं. पोरगी यायची हाय.”

तिने हे मला टोचायला सांगितलं नव्हतं. ऐकून मला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.