तारामावशी का रडल्या

“बंद करा ती टेप! आदी बंद करा!”

कुरुंदवाडच्या वाचनालयात आमचा कार्यक्रम रंगात आला होता आणि मागच्या रांगेतून हा आवाज आला. मी पॉज दाबलं.

कोल्हापुरातल्या एका छोट्या संस्थेचा साउंड आर्काइव्ह मी सांभाळायचे. नव्वदच्या दशकात आमच्या लोकांनी गावोगावच्या वयस्क माणसांच्या आठवणी कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे मी त्या सीडीवर उतरवल्या. पण कपाटात ठेवून ऐकणार कोण? म्हणून ज्या गावची आठवण, त्याच गावात जाऊन ती ऐकवायची असं आम्ही ठरवलं.

त्या दिवशी कुलसुमभाभींची आठवण लागली होती. भाभी दारोदार जाऊन बांगड्या भरायच्या, त्यामुळे गावातली प्रत्येक बाई त्यांना ओळखायची. नवी साडी नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टेपवर त्या एका जुन्या पुराचं सांगत होत्या. “नावंत माझ्या शेजारी तारा. आशी रडाय लागली, आशी रडाय लागली! पान्याला लई भ्याली बगा. मी पोटाशी धरलं तिला.”

लोक हसले. आणि ओरडल्या त्या ताराबाईच. भाभींची जुनी मैत्रीण, बौद्ध वस्तीतल्या कांबळ्यांची तारामावशी.

“मी पान्याला भ्यालो? कृष्णंत पवून मोठी झाल्यालं मानूस मी!” असं म्हणून मावशी तरातरा निघून गेल्या. भाभींचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी आमच्या संस्थेच्या साहेबांना सांगितलं.

“तेवढं वाक्य कापून टाका,” ते म्हणाले.

“सर, मास्टर कापत नाहीत.”

मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. बोलणारा खोकला, तर तो खोकलासुद्धा तिथंच राहतो. आज एकाला नको म्हणून कापलं, तर उद्या आमच्या टेपांवर विश्वास कोण ठेवणार?

“मग लोकांना ऐकवायच्या कॉपीतून कापा.”

ते जमण्यासारखं होतं. पण मावशींना विचारल्याशिवाय काही करावंसं वाटेना. मी एसटीनं परत कुरुंदवाड गाठलं.

मावशी उंबऱ्यावर मेथी निवडत होत्या.

“मावशी, ते वाक्य काढून टाकू का?”

“काडतासा कशाला? रडलो की मी. न्हाय कुटं म्हनतोय?” त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. “पन का रडलो, ते कुलसुमला कुटं ठावं हाय? लावा तुमचं मशीन.”

मी रेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली.

“पानी चडलं तसं पोरांस्नी उचललं आन् नावंत बसलो. नाव मदी गेल्यावर आटावलं, म्हस तशीच दाव्याला हाय. लांबनं वरडत हुती. नावाडी मागं फिरंना. फिरनार तरी कसा? एवडी मानसं नावंत. पानी उतरलं, तवा दाव्यालाच गावली.” त्यांनी मेथीची जुडी परत पुढं ओढली. “ते दावं माज्या हातानं बांदल्यालं.”

मी रेकॉर्डर बंद केला आणि त्यांच्यासोबत मेथी निवडायला बसले.

भाभींच्या आठवणीला लागूनच मावशींची वाजवायची, असं मी ठरवलं. साहेब कुरकुरले, “उद्या सगळं गाव उत्तर द्यायला येईल.”

“येऊ दे, सर.”

पुढच्या कार्यक्रमाला दोघी आल्या, पण लांब लांब बसल्या. भाभींचं संपलं, मावशींचं सुरू झालं. या वेळी कुणी हसलं नाही. भाभी उठल्या आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या.

“आगं, मग तवाच सांगायचंस की मला!”

“तू इचारलंस कवा? पोटाशी धरलंस आन् बोलतच सुटलीस.”

“आता न्हाय बोलत.”

“ऱ्हाशील व्हय तू गप!”

भाभींनी डोळे पुसले, मावशींचा हात ओढून घेतला, हातातल्या जुनाट बांगड्यांकडे बघितलं आणि नव्या कधी भरायच्या यावर लगेच बोलायला लागल्या. कार्यक्रम तिथंच संपला. कुणाला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

साहेबांचा अंदाज मात्र बरोबर निघाला. शिरोळहून आले, पेठ वडगावहून आले, कुणी दिराला उत्तर द्यायला, कुणी विहिणीला. उत्तरांसाठी वेगळं कपाट करावं लागलं, आणि ऐकायला येणारे आधी त्याच कपाटापाशी जायचे.

माझा धडा साधा आहे. एकाची आठवण घ्यायला निघालात, तर पिशवीत एक कोरी कॅसेट जादा ठेवा.