कापसाची ऊब

अंगणवाडीची वेळ साडेनवाची. कापूस वेचणाऱ्या बायांना न्यायला ऑटो येतो तो अंधारातच. ज्यानं कोणी ही वेळ ठरवली, त्यानं जन्मात पोट्टं सांभाळलं नसावं, हे मी लिहून देते.

झरी जामणी तालुक्यातल्या आतल्या एका गावात मी सेविका आहे. राहते दुसऱ्या गावी. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं हगणंमुतणं, आंघोळ, चहा उरकल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नाही. मदतनीस होती ती निवृत्त झाली, तिची जागा भरायची राहिली ती राहिलीच. अंगणवाडीची चावी गावातल्या कोणाकडे ठेवू का, असं मी वर विचारलं होतं. उत्तर आलं, "चावी बाहेर द्यायची नाही. काही झालं तर जबाबदार कोण?" पाळणाघराचं विचारलं, तर म्हणे ती वेगळी योजना आहे. असेल बापा. वेगळीच असेल, आमच्या गावाला तिचा पत्ता कुठं माहीत!

तर वेचणीच्या दिवसांत बाया काय करायच्या? झोळीतलं लेकरू वावरात न्यायच्या. तीन-चार वर्षांचं पोट्टं मात्र मुकादम ऑटोत चढू देत नाही, ते वेचू देत नाही म्हणतो. मग त्या त्याला अंगणवाडीच्या ओट्यावर बसवून जायच्या. कुलूपबंद दारासमोर, थंडीत. "बाई येतेच आता," एवढं सांगून. बाई यायला दिवस चांगला वर यायचा.

मला तो ओटा वळणावरूनच दिसायचा. गाडी थांबवायच्या आधी नजर पोट्ट्यांच्या डोक्यांवरून फिरायची. सगळे असायचे. चकाट्या पिटत, नाकं वाहत, पण असायचे. नवल म्हणजे त्या कडाक्यात त्यांचे हात कधी गार लागले नाहीत. मी म्हणायची, लेकरांचं रक्तच गरम!

गेल्या हिवाळ्यात एक दिवस एक पोट्टी कमी दिसली. सर्वांत लहान, गोल चेहऱ्याची, आईचा जुना स्कार्फ गळ्याला गुंडाळून यायची ती. तिचा बाप तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरात दुसरं मोठं माणूस नाही. म्हटलं, आज आईनं ठेवलीच नसेल. पण अंगणवाडीशेजारच्या घरची म्हातारी म्हणाली, "ठिवली नं वं बाई, मीनं सोताच्या डोळ्यानं पायली. माय ऑटोत बसली तं ही रडून राह्यलती."

त्या आठवड्यात नाल्याकडं वाघानं गाय मारली होती. म्हातारीनं नाल्याकडं पाहिलं. आरोळी ठोकली तशी माणसं निघाली. काठ्या, कुऱ्हाडी, कोणी डबा वाजवत. पराटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, पुरुषभर उंच, तिच्यात तीन वर्षांचं लेकरू उभं असलं तरी दिसत नाही. मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "पाठवतो तिच्या मायले," आणि मागं एकदम बायांचा गलका ऐकू आला.

मी मात्र जाऊ शकले नाही. उरलेली लेकरं कोणाच्या भरवशावर टाकणार? दारात उभी राहिले. नाल्याकडून हाका यायच्या, मग थांबायच्या. थांबल्या की वाटायचं, सापडलं काहीतरी. काय सापडलं असेल, ते मनात येऊ देत नव्हते.

शेजारच्या घरचा शेतकरी, म्हातारीचा मुलगा, तेवढा घरी होता. भाव चढेल म्हणून त्यानं सगळा कापूस ओसरीत भरून ठेवला होता, भिंतीला टेकून छातीएवढा ढीग. शोधायला निघायच्या आधी बाहेर पडलेली कालची गाठोडी आत टाकून घेतो म्हणाला, गाईगुरं तोंड घालतात. त्यानं गाठोडी ओतली आणि जागा व्हावी म्हणून ढिगावर चढून तुडवू लागला. सगळेच तुडवतात. कापूस फुगलेला असतो, दाबला तरच मावतो.

माझ्या मांडीला चिकटून उभी असलेली चार वर्षांची पोरगी ते बघत होती. सहज बोलली, "बाई, ते तिथंच निजली."

"कोण? कुठं?"

"कापसात. आमी रोज जातो. गरम लागते. तुमची गाडी वाजली का येतो."

माय वं! मी कशी धावले मला ठाऊक नाही. "उतर! उतर रे खाली, पोट्टी हाये खाली!" त्याला कळेना. मी त्याचा पाय धरून ओढला, तो धपकन पडला, आणि मग आम्ही दोघं कुत्र्यासारखे उकरू लागलो. काखेत कळसा म्हणतात, तसा सारा गाव नाल्याला वळसा घालत होता. भिंतीच्या कोपऱ्यात आधी स्कार्फ हाताला लागला. मग पाय. गरम होता, पण ओढला तरी हलेना. तोंड निळसर, नाकपुड्यांत तंतू. मी बोट घालून तोंड साफ केलं, पालथी धरून पाठीत थोपटलं. काही नाही. पुन्हा थोपटलं. मी तिला शिव्या देत होते, "श्वास घे नं भवाने, घे नं!" शेवटी ती खोकली, आणि इतक्या जोरानं रडली की नाल्याकडच्या माणसांना ऐकू गेलं.

शेतकरी ओसरीच्या पायरीवर बसला. "मी तं तुडवूनच राह्यलतो वं बाई," एवढंच पुन्हा पुन्हा.

दुपारी तिची आई कोणाच्या तरी मोटारसायकलवर आली. मला तिचा भयंकर राग आला होता, चार शब्द तयार ठेवले होते. पण तिनं लेकीला कवेत घेतलं आणि तिच्या केसांतला कापूस एकेक वेचू लागली, सवयीच्या हातानं, भराभर. ते चार शब्द सोडून मीही तिच्या स्कार्फावरचे तंतू काढू लागले.

शेतकरी उठला. ओसरीचं जाळीचं दार लोटलं, कुलूप घेऊन आला. "आजपासून ओसरी बंद. माह्या घरात लेकरू मेलं असतं नं."

बरोबरच होतं त्याचं. कुलूप लागल्याचा आवाज झाला, तशी पोरीच्या आईनं मान वर केली. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मंग बाई," ती म्हणाली, "उद्या हिले कुठं ठिवू?"