उपरण्याखाली निवडलेला वस्ताद

आमच्या टीमचे जुने वस्ताद मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि जळगावातल्या एकवीस माणसांची अन्नावरची वासना उडाली. बाकीच्या जळगावाला याचा पत्ताही नव्हता. कोच हा शब्द तेव्हा फक्त पेपरात यायचा. आमच्याकडे कुस्ती शिकवणारा तो वस्ताद, मग फुटबॉल शिकवणाराही वस्तादच. साठीचं दशक संपत आलं होतं, मी सत्तावीस वर्षांचा होतो, कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात कारकून होतो आणि उरलेला सगळा वेळ टीमसाठी घसा फोडत होतो.

टीम बाजारातली होती. जिनातले हमाल, एक शिंपी, दोन भाजीवाले, गोलात उभा राहणारा पोरगा धान्य मोजणाऱ्या मापाड्याचा. निम्मे अनवाणी खेळायचे. आम्ही एकवीस जण त्यांचे पाठीराखे. मी स्वतः चेंडूला पाय लावला असेल तर तो दारात आलेला चेंडू बाजूला सारण्यापुरता. पण कोणी कुठे पास द्यायला हवा होता हे मला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळायचं. आम्हा एकवीस जणांना सगळ्यांनाच ते कळायचं, म्हणून तर भांडणं व्हायची.

वस्तादांच्या जागेसाठी तीन नावं होती. पहिलं माझ्या थोरल्या भावाचं. त्याला सगळा बाजार भाऊच म्हणायचा. दहा वर्षं तो आमचा सेंटर फॉरवर्ड होता आणि मागच्या हिवाळ्यात त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला. दुसरं नाव एका शाळेतल्या ड्रिल मास्तरांचं. त्यांच्याकडे खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं आणि ते कोणालाही उघडून बघू देत नसत. तिसरं नाव घ्यायचीसुद्धा चोरी होती. ते धुळ्याचे होते.

धुळ्याच्या टीमने आम्हाला सलग तीन वर्षं हरवलं होतं आणि तिन्ही वर्षं मैदानाच्या कडेला, हात पाठीशी बांधून, हे पोलिसातले जमादार उभे होते. रिटायर झाल्यावर ते जळगावात लेकीकडे राहायला आले होते. सकाळी आमच्याच मैदानावर फिरायचे. कोणाशी बोलायचे नाहीत, आणि आम्हीही त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचो.

भाऊला ती जागा हवी होती. तोंडाने तो म्हणायचा, "मले काय, कोन बी करो." पण घरात एकच खोली असली की माणसाचं काही लपत नाही. सकाळी पाच वाजता तो गुडघ्याला तेल चोळत बसायचा, मग कॅनव्हासचे बूट पुसायचा आणि परत खुंटीला टांगायचा. वहिनी एकदा म्हणाली, "ते बूट इकी टाका आते." दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मैदान गेलं तर भाऊ फक्त एका कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवणारा माणूस उरणार होता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

नवा वस्ताद ठरेपर्यंत पंधरा दिवस त्यानेच पोरांना शिकवलं. मी रोज बघायला जायचो, आणि इथेच माझी पंचाईत झाली. भाऊ खेळायला वाघ होता, शिकवायला मात्र अगदी वाईट. चूक झाली की तो पोराला बाजूला ढकलून स्वतः चेंडू घ्यायचा, लंगडत तीन माणसं चुकवायचा आणि म्हणायचा, "असं कर!" असं कसं करायचं हे त्याला सांगता यायचं नाही, कारण त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मग तो चिडायचा. गोलातला पोरगा तर त्याला इतका भ्याला की दोन दिवस आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मापाड्याने त्याला कान धरून आणला. भाऊ अजून यायचा होता. जमादार फिरता फिरता गोलापाशी थांबले. खिशात हात, तोंडात दातवण. त्यांनी चपलेच्या टोकाने मातीत गोलाच्या दोन पावलं पुढे एक रेघ ओढली आणि पोराला म्हणाले, "समोरून एकटा आला की इथपर्यंत ये. वाट बघू नको." एवढंच सांगून ते गेले. मग शिंप्याने दहा वेळा चेंडू मारला आणि पोराने सात वेळा अडवला. भाऊ आल्यावर पोराने ती रेघ पायाने पुसून टाकली. पाठीराख्यांपैकी हे सगळं मी एकट्याने पाहिलं आणि कोणालाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण भाऊ माझा होता.

निवडीसाठी आबांनी त्यांच्या मळ्यात भरीत ठेवलं. आबा भडगावच्या बाजूचे मोठे शेतकरी, कापूस विकायला जळगावला आले की सामना बघितल्याशिवाय परत जात नसत. रविवारची दुपार होती, थंडी गोड होती, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि तोंडं भाजण्याआधीच तापली होती.

"धुयाना माणूस आपला वस्ताद?" आबा मिरच्या ठेचता ठेचता ओरडले. "आते हाईच बाकी राह्यनं व्हतं!"

"त्यापेक्षा गोल त्यांनाच देऊन टाका," शिंपी म्हणाला.

"मास्तर शिकेल शेत," कोणीतरी मास्तरांचं शिक्षण पुढे केलं.

"मास्तर शिट्टी चांगली वाजवतात. शिट्टीने गोल होतो का?"

ड्रिल मास्तर तिथेच कांद्याची पात चिरत बसले होते. ते पुस्तकाचा दाखला देऊ लागले, तेव्हा आबांनी त्यांच्या हातात सोलायला अख्खी लसणाची जुडी दिली. जमादारांना कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या बाजूने एकजण अर्धं वाक्य बोलला, तर त्याला इतक्या शिव्या पडल्या की तो सरळ पाणी आणायला विहिरीवर निघून गेला.

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी बांधावर उभा राहून भाषण ठोकलं. भाऊचे गोल मोजून दाखवले, एक पावसातला गोल तर मी हातवारे करून पुन्हा मारून दाखवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. भाऊ वांगी सोलत मान खाली घालून हसत होता, बोटं भाजत होती तरी त्याचं लक्ष नव्हतं. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मत घ्यायचं ठरलं तेव्हा शेठ उठले. शेठ कापसाचे अडते. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते, पण शेठ आमच्यापेक्षा सरस अहिराणी बोलायचे. बाजारात जुनी रीत होती. तोंडाने मालाची वाटेल तेवढी तारीफ करा, नावं ठेवा, भांडा. खरा भाव अडत्याच्या हाताला, उपरण्याखाली, बोटं दाबून सांगायचा. अडत्या ज्याला माल द्यायचा त्याला देई, आणि कोणी किती बोटं दिली ते त्याच्या पोटातून कधी बाहेर येत नसे. सरकारने ही रीत मोडून उघडे लिलाव सुरू केले होते, पण आमच्यातल्या बहुतेकांचे हात त्याच सवयीचे होते.

शेठनी उपरणं उजव्या हातावर पसरलं. "एक बोट भाऊ, दोन बोटं जमादार, तीन बोटं मास्तर. या."

"जमादारचं बोट कसाले ठेवता?" आबा म्हणाले.

"नाव निघालं, तर बोट ठेवावं लागतं," शेठ म्हणाले.

पहिला भाऊ गेला, हसत. मग आबा, मग शिंपी. माझी पाळी आली. उपरण्याखाली शेठचा हात कोरडा आणि गरम होता. मी एक बोट दाबायलाच गेलो होतो, देवाशपथ. पण त्या कापडाखाली हात गेला आणि डोळ्यांपुढे मातीतली ती रेघ आली. त्या अंधारात खोटं दाबणं मला जमलं नाही. मी दोन बोटं दिली. शेठच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

शेवटचा माणूस झाल्यावर शेठनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "जमादार," ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले, चोर शोधायला. आणि मला हळूहळू उमगलं की इथे चोर मी एकटा नाही. सगळ्यांनी बाजार केला होता. वर तोंडाने भाऊची तारीफ, खाली खरा भाव. प्रत्येकाला वाटलं होतं की भाऊ तर येणारच, आपल्या एका मताने काय बिघडतं.

"कितीनी?" भाऊने विचारलं.

"भाव फुटत नही, भाऊ," शेठ हळू म्हणाले.

भाऊ हसला. "बरं झालं. मना गुडघा वाचना." मग त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांना भरीत वाढलं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडून ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवली. असं बेचव भरीत मी जन्मात खाल्लं नाही, आणि आबांच्या मळ्यातली वांगी तर नावाजलेली.

घरी परतेपर्यंत प्रत्येकाने भाऊला एकेकटं गाठून सांगितलं, मी तुलाच दिलं बरं का. आबांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या हिशेबाने भाऊ एकमताने निवडून आला होता. रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "तू कोनले दिधं?"

"तुले," मी म्हणालो. "आनखी कोनले देसू?"

त्याने मान हलवली आणि जेवत राहिला. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. बूट खुंटीवरून पेटीत गेले. मी संध्याकाळी मैदानावरून आलो की मात्र तो पाठ फिरवून, सहज म्हणून, विचारायचा, "आज काय शिकाडं?" मी सांगायचो. जमादार पोरांना आधी नुसतं उभं राहायला शिकवत होते, कोणी कुठे. भाऊ नाक मुरडायचा. पण एका संध्याकाळी त्याने ताटातल्या शेंगदाण्यांची टीम मांडली, दोन दाणे मागे घेतले, एक पुढे सरकवला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळ्याला सामना ठरला. आम्ही टीमसकट अख्खी एस. टी. भरली. भाऊलाही नेमकं त्याच दिवशी धुळ्याला कापडाचं काम निघालं. जमादार पुढच्या बाकावर, भाऊ अगदी मागच्या. दोघांनी एकमेकांना रामराम केला, तेवढाच.

काय सामना झाला तो! धुळेकर आपल्या जुन्या वस्तादाला आमच्या बाजूला उभं बघून पिसाळले होते. जमादारांना उद्देशून जे जे बोललं गेलं ते लिहिता येत नाही. ते हात पाठीशी बांधून उभे. पहिला अर्धा तास चेंडू आमच्याच अंगणात होता. मग शिंप्याने तो लांब उडवला, आमच्या नव्या पोराने छातीवर घेतला आणि मारला तो थेट जाळ्यात. मी कोणाला तरी मिठी मारली, तो धुळ्याचा निघाला. त्याने मला ढकललं, तरी मी हसतच होतो.

शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्यांचा सेंटर फॉरवर्ड एकटा सुटला. समोर फक्त आमचा गोली. "जाय! पुढे जाय!" माझ्या शेजारून कोणीतरी किंचाळलं. पोरगा दोन पावलं पुढे झेपावला आणि चेंडू त्याच्या पोटावर आदळून बाहेर गेला. मी वळून बघितलं. किंचाळणारा भाऊ होता. तो त्या गुडघ्यावर उड्या मारत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मग आमची नजरानजर झाली आणि मी दुसरीकडे बघितलं.

परतीच्या बसमध्ये ढोलकी नव्हती म्हणून बाकं बडवली. पारोळा मागे पडलं, ऊन कललं, आणि आबांना कंठ फुटला.

"आते सांगाले काय हरकत शे? मी तं जमादारलेच दिधं व्हतं!"

"मी बी!" शिंपी ओरडला. "पहिल्यापासून सांगत होतो मी!"

"मी बी!" "मी बी!" एकेक जण उठून सांगू लागला. ड्रिल मास्तरांनीसुद्धा सांगितलं. भाऊच्या तोंडावर. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, जिंकण्याची नशाच तशी. त्यांच्या तोंडात मारावं असं मला वाटलं, आणि त्यांच्यापेक्षा वेगळा मी कुठे होतो? मी जागचा उठलो नाही.

मी भाऊशेजारी बसलो होतो. त्याने गळ्यातलं उपरणं काढलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्या हातावर टाकलं. त्याचा हात खालून आला आणि माझ्या हातापाशी थांबला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. विचारायचं ते विचारून झालं होतं.

तोंडाने विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोललो असतो. मी दोन बोटं त्याच्या तळव्यावर दाबली.

त्याने ती धरली. तेवढ्यात आबा पुढून ओरडले, "काय भाऊ, तुले कोनीच नही दिधं का रे?"

सगळी बस हसली. भाऊने मान वळवली आणि हनुवटीने मला दाखवत, सामन्यात ओरडला होता त्याच आवाजात म्हणाला, "मना भाऊनी दिधं! तुम्हीन बठ्ठा जमादारना, हाऊ एकटा मना!"

मग मात्र सगळे माझ्यावर तुटून पडले. वेडा, आंधळा, फुटबॉल न कळणारा. जमादारसुद्धा वळून माझ्याकडे बघून हसले. पुढे कित्येक वर्षं बाजारात मला ते ऐकावं लागलं, आणि भाऊ जवळ असला तर तोही त्यांच्यात हसायचा. त्या बसमध्ये मला मान वर करता येईना. उपरण्याखाली माझी दोन बोटं जळगाव येईपर्यंत त्याच्या मुठीत होती.