जप्तीच्या यादीतली सातवी वस्तू

१७ जानेवारी १९९२, शुक्रवार. सकाळी पावणेआठ. पैनगंगेचा घाट, आदिलाबाद जिल्हा.

हजर : १) आमचे तपासणी साहेब, मूळचे निर्मलचे. २) जीपचा ड्रायव्हर रहीम, नेरडीगोंड्याचा. ३) मी, ऑफिसमधली क्लार्क. ४) नावाडी किसन. ५ ते १२) कापूस वेचायला पलीकडे निघालेल्या आठ बाया.

ही यादी मी त्याच दिवशी डायरीत लिहिली होती, तशीच उतरवली. मला सगळ्याच गोष्टींच्या याद्या करायची सवय आहे — किराणा, पाहुणे, राहिलेली कामं. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी नव्हते. वडील शाळामास्तर, त्यांनी आम्हा भावंडांना वंदना आणि पाढे, या दोनच गोष्टी रोज म्हणायला लावल्या. तुमच्या मासिकातल्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचायची ते दुपारच्या जेवणानंतर, हसायला. सात वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, त्याचं कारण तेच... आता आपल्यावरही कुणी हसेल.

आधी मागचं एक सांगावं लागेल.

नदीच्या अलीकडे आमचं आंध्र, पलीकडे महाराष्ट्र. आमच्या ऑफिसचा अधिकार नदीच्या मध्यापर्यंत. घाटावरच्या नावांची लायसन्स तपासायची, बिनलायसनची नाव जप्त करायची, हे आमचं काम. १९९०च्या डिसेंबरात आम्ही असेच गेलो. किसनच्या लायसनची मुदत संपली होती. जीप दिसताच त्यानं नाव पलीकडे काढली आणि तिथे सोडून शेतातून पळाला. आमचा शिपाई दुसऱ्या नावेतून गेला आणि ती ओढून आणली. खरं तर तो काठ आमचा नव्हता. पण नाव तर आणली... मी अलीकडच्या वाळूत खुर्ची टाकून यादी केली : नाव एक, वल्ही दोन, बांबू एक, दोर एक, पाणी उपसायचा डबा एक, बसायची फळी एक.

तेवढ्यात पलीकडच्या बाभळीवर काहीतरी चमकलं.

"ते काय आहे?" मी शिपायाला विचारलं. "नावेचंच असेल. तेही आणा."

ती पितळेची थाळी होती, काठाला भोक पाडून तारेनं टांगलेली. शिपाई परत जाऊन ती घेऊन निघाला, तेव्हा तिच्या मागोमाग एक म्हातारी बाई पाण्यापर्यंत धावत आली आणि ओरडून काही सांगत राहिली. वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही. मी लिहिलं : सात. पितळी थाळी, एक. जप्तीचं ठिकाण — अलीकडचा घाट. यादी पूर्ण झाल्याचं मला समाधान वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

दोन महिन्यांनी नाव सुटली. सोडण्याच्या आदेशात 'नाव व तिचं साहित्य' असं होतं. थाळी हे नावेचं साहित्य नाही, म्हणून ती राहिली माझ्या लोखंडी कपाटात, कापडात बांधून, सील आणि चिठ्ठीसकट.

आता त्या शुक्रवारी.

किसनच्या लायसनच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती. त्या दिवशी तपासणी झाली नाही तर मोसमभर घाट बंद. किसनचं पोट त्यावर, आणि गावातल्या बायांची पलीकडच्या शेतातली वेचणीही. पण धुकं असं की उभ्या नावेचं दुसरं टोक दिसेना. नदी कुठे सुरू होते ते फक्त ओल्या वाळूवरून कळत होतं.

वजनाची चाचणी काठावरच झाली. वाळूची पोती भरण्यापेक्षा माणसं बसवणं सोपं, म्हणून त्या बायांनाच नावेत बसवलं. त्यांच्यातली शांताबाई सगळ्यांत जाड.

"साहेब, मले मधात बसवा. कडेला बसली तं किसन्याचं लायसन बुडते," ती म्हणाली, आणि धुक्यात सगळ्या बाया हसल्या. दिसत नव्हत्या, नुसतं हसू ऐकू येत होतं.

आम्ही चौघंही चढलो. नावेच्या अंगावर भाराची खूण म्हणून रंगवलेला पांढरा पट्टा पाण्याच्या वर चार बोटं राहिला. पास. पण फॉर्मवर पुढचा रकाना होता — पैलतीरापर्यंत चालवून पाहिली काय.

"म्याडम, धुकं उठू द्या," किसन मला म्हणाला. "खालच्या अंगाला कातळ हाय. पाणी ओढते तिकडं."

"धुक्यात एरवी जातच नाहीस?"

"जात होतो ना. पन थाळी होती तवा. माही बहीन, आक्का, पलीकडून वाजवे."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दोन वाजेपर्यंत फाइल पोचवायची होती.

"थाळी लायसन में लिखी है क्या जी?" साहेब म्हणाले. "चलो."

किसननं नाव लोटली. बांबू दहा-बारा वेळा तळाला लागला, मग लागेनासा झाला. त्यानं वल्ही घेतली. मला सांगायचंय ते इथलं आहे आणि इथलंच मला नीट सांगता येत नाही... वर पांढरं, खाली पांढरं, नाव चालते आहे की थांबली तेही कळत नव्हतं. बायांचं बोलणं हळूहळू विरलं. शांताबाईनं माझा हात धरला होता; तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी ओरखडे पडलेले, तेवढंच काय ते खरं वाटत होतं. कातळावरच्या पाण्याचा खळखळाट आधी उजवीकडून यायचा. मग डावीकडूनही येऊ लागला. मग सगळीकडून.

किसनची वल्ही थांबली. "दिशा गेली," तो म्हणाला, अगदी हळू. रहीम काहीतरी पुटपुटायला लागला. साहेबांनी फाइल छातीशी धरली.

आणि थाळी वाजली.

टण् टण्. थोडं थांबून पुन्हा, टण् टण्. घाई नाही, कुणाला हाक मारावी तशी.

किसननं नाव त्या बाजूला वळवली. काही वेळानं आवाज बदलला — टणटणटणटण, एकसारखा, चिडल्यासारखा. त्यानं एकदम उजवं वल्हं मारलं, आणि हात-दीड हातावरून एक काळा ओला कातळ धुक्यात सरकत गेला. आवाज परत संथ झाला. टण् टण्. टण् टण्. असं दोनदा घडलं. म्हणजे जे कुणी वाजवत होतं, त्याला आम्ही दिसत होतो. आम्हाला तर एकमेकांचे चेहरेही धड दिसत नव्हते.

नाव वाळूला लागली, त्याच क्षणी आवाज थांबला.

मी सगळ्यांत आधी उतरले. आभार मानावेत, नाव लिहून घ्यावं, एवढाच विचार. बाभळीपाशी कुणी नव्हतं. खोडात गंजका खिळा होता, त्याला तारेचा तुकडा. भोवतालचं गवत दवानं पांढरं होतं, एकसलग. त्यावर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं. पलीकडे एका झोपडीच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या.

"किसन, तुझी आक्का कुठे आहे?"

तो नावेतच बसून होता. "थे तं गेली ना म्याडम. या पावसाळ्यात. तापानं." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तुमीबी आयकलं ना?"

ऐकलं होतं. मी परतल्यावर एकेकाला वेगळं गाठून विचारलं आणि लिहून ठेवलं. रहीम : घंटी, दोन-दोनच्या जोडीनं. शांताबाई : "किसन्याच्या आक्काची, गयाबाईची थाळी, दुसरं काय." साहेब : "पुल पे कोई गाडी होगी, अम्मा." त्या घाटाला तेव्हा पूल नव्हता.

साहेबांनी 'होय' लिहिलं आणि लायसनवर सही केली. दुपारी ऑफिसात पोचताच मी कपाट उघडलं. किल्ली दिवसभर माझ्याच पर्समध्ये होती. सील शाबूत, चिठ्ठीवर माझी सही. कापड कोरडं. मी सील फोडलं, डायरीत त्याची वेळही आहे. थाळीच्या काठाला बोट लावलं तर बारीक थरथर जाणवली, वाजवलेलं भांडं शांत होता होता जाणवते तशी. माझंच बोट कापत असेल. असेलही... मी दुसऱ्या हातानं मनगट धरून पुन्हा लावलं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच घाटावर गेले. किसनला म्हटलं, अर्ज दे, थाळी परत करते.

"काय लिहू अर्जात? कुठून नेली?"

तिथेच अडलं. खरं लिहायचं तर दुसऱ्या राज्यातून आणलेली वस्तू मी आमच्या घाटावर दाखवली होती. चूक माझी, मी लेखी कबूल करायला तयार होते, तसा मसुदाही करून नेला होता. तोंडानंही सांगितलं : माझ्यामुळे तिची थाळी गेली, चुकलं माझं. त्या दिवशी ती ओरडून काय सांगत होती रे?

"धुकं पडन, म्हने. धुकं पडन तं माहा भाऊ कसा येईन."

किसन दोर गुंडाळत राहिला.

"त्या शुक्रवारनंतर थाळी ऐकलीस कधी?"

"धुकं पडलं की."

"मग घेऊन जा ना थाळी. तिची आहे."

त्यानं दोर नावेत टाकला. "म्याडम, तुमी नेली तरीबी थे वाजवून राह्यली. आता आनून खिळ्याले टांगली, अन् मंग नाही वाजवली तं? मी कोनाच्या भरवशावर नाव घालू? काऊन तिच्या कामात हात घालता... राहू द्या."

तेव्हापासून माझी दोनदा बदली झाली आणि मी याच ऑफिसात परत आले. मधल्या काळात जो कुणी त्या टेबलावर बसला, त्यानं चार्ज लिस्टवर सही करून थाळी ताब्यात घेतली. कुणी काही विचारलं नाही. आवाज कुठून आला, मला ठाऊक नाही. जाणकारांनी सांगावं, मी लिहून घेईन.

दर एक जानेवारीला मी नव्या डायरीत राहिलेल्या कामांची यादी उतरवते. यंदा अकरा कामं होती. मार्च संपेपर्यंत दहांवर खूण झाली. पहिलं तसंच आहे :

१) थाळी — गयाबाईंना परत करणे.