घोटीवनं घासलेली खिडकी

कागदोपत्री त्याला एक नाव होतं, पण ते कागदांनाच ठाऊक. गल्लीत, दुकानात, गिऱ्हाइकांत सगळे त्याला घोटीव म्हणत. चाळीस वर्षं तो लोकांची घरं रंगवत आला, पण जीव रंगापेक्षा घासण्यावर जास्त. "रंग काय, कुणीही फासतो," तो म्हणे, "खालचं अंग घोटून निघालं पाहिजे." पॉलिश पेपर हातात आला की त्याला तहानभूक आठवत नसे. घासून झालं की डोळे मिटून तो आपला गाल लाकडाला लावी. गालाला कुठं खुपलं की पुन्हा पेपर सुरू. आणि घासायचं ते कोरडंच. बाकीचे रंगारी पाणी मारून घासत, धूळ उडू नये म्हणून. घोटीव त्यांना हसायचा. "ओलं लाकूड खोटं बोलतं," म्हणायचा. "वाळल्यावर त्याचे खड्डे कळतात, तोवर तुम्ही पुढच्या घरी पसार."

त्याच्या घरात तीन माणसं. तो, मुलगा आणि सून. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगा एका गोदामात खोकी लावायच्या कामावर होता. अबोल, सावकाश, एक गोष्ट दोनदा सांगावी लागणारा, पण एकदा डोक्यात बसलं की न विसरणारा. सून त्याच्या अगदी उलट. तिचं तोंड सुरू झालं की चहा उतू गेला तरी बंद होत नसे. तिला सातवा महिना लागला, आणि घराच्या टोकाची लहान खोली, जिथं इतकी वर्षं ट्रंका आणि मोडक्या खुर्च्या नांदत होत्या, ती बाळाची ठरली.

"बाबा, लोकांचे महाल रंगवलेत तुम्ही," सून म्हणाली, "आणि आपल्या घराला पोपडे. रंगाऱ्याचं घर म्हणून सांगायची चोरी झालीय."

"न्हाव्याचे केस वाढलेलेच असतात, बाई."

"तुमचे वाढू द्या. माझ्या बाळाला पोपडे नकोत."

रंग ठरवण्यात आठवडा गेला. सून शेडकार्ड उशाशी घेऊन झोपायची. पिवळा हवा, पण लिंबाचा नको. लिंबाच्या सालीच्या आत असतो तसला हवा. घोटीवनं लिंबू कापलं, साल उलटी करून तिच्यापुढं धरली.

"हा तर पांढरा," तो म्हणाला.

"पांढराच. पण पिवळ्याची आठवण असलेला."

"असला रंग डब्यात मिळत नाही, तो माहेरी मिळतो," घोटीव म्हणाला, आणि मुलगासुद्धा हसला.

मग घासायला सुरुवात झाली. भिंती सोप्या होत्या. खरं काम होतं खिडकीच्या आणि दाराच्या चौकटीचं. त्यांच्यावर एकावर एक पाच थर बसलेले, आणि सगळ्यांत खाली पांढरं जाडजूड ऑइलपेंट. ते त्यानं स्वतःच मारलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी, मुलगा पोटात असताना. चार दिवस तो पत्र्यानं खरवडत होता आणि पेपरनं घासत होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ अशी तरंगायची, जसं कुणी वरून पीठ चाळतंय. सून उंबरठ्यात मांडी घालून बसायची, सफरचंदाच्या फोडी खायची आणि गप्पा मारायची. दिवस संपला की ओंजळ ओंजळ भुकटी केरसुणीनं तीच गोळा करायची. "तुमच्या कंबरेला कशाला त्रास," म्हणायची.

तिसऱ्या दिवशी खिडकीच्या खालच्या फळीवर, थरांच्या आत, चार बारीक खाचा निघाल्या. घोटीव बघतच राहिला. मग त्यानं सुनेला हाक मारली.

"हे बघ. तुझ्या नवऱ्याचे दात. फुटत होते तेव्हा या फळीला धरून उभा राहायचा आणि कुरतडत बसायचा. त्याची आई म्हणायची, पोरगं आहे की घूस."

दोघं पोट धरून हसली. सुनेनं त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्या बुजवू नका हं."

पाचव्या दिवशी तो रंगाच्या दुकानात गेला. दुकानदार त्याच्या मुलाच्या वयाचा. त्यानं डबा रंग मिसळायच्या यंत्राखाली ठेवला आणि विचारलं, "काका, चौकटी जुन्या आहेत?"

"तीस वर्षांच्या. हाडापर्यंत घासल्यात. गाल लावून बघ, लोणी."

"पाण्यानं घासल्या ना?"

"मी कधी पाणी लावलंय?"

दुकानदाराचा हात थांबला. "काका, त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आता कंपन्यांची माणसं येऊन सांगून जातात आम्हाला. कोरडं घासू नका, ती धूळ विषारी असते. मोठ्यांचं एक वेळ ठीक, पण लहान पोरं किंवा पोटुशी बाई घरात असेल तर आधी तिला बाहेर काढायचं. कुणाचं घर आहे?"

घोटीवच्या तोंडचं पाणी पळालं. "आहे एक गिऱ्हाईक," तो म्हणाला.

डबा घेऊन तो निघाला. दुकानदार काल मिसरूड फुटलेला पोरगा, त्याला काय कळतं, असं त्यानं स्वतःला तीन वेळा सांगितलं. त्याच्या काळजाला ते पटेना.

घरी सून झोपली होती. तो लहान खोलीत गेला, दार लोटलं आणि खिडकीच्या कोपऱ्यात उरलेली चिमूटभर पांढरी भुकटी बोटावर घेतली. ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हाताखाली तो शिकला, तो नवा डबा उघडला की काडीनं रंग जिभेला लावून बघायचा. "गोड लागला की समजायचं, माल अस्सल. शिसं भरपूर आहे, पन्नास वर्षं हलणार नाही." म्हणजे ऐकलं नव्हतं असं नाही. शिसं हा शब्द त्यानं विशीतच ऐकला होता, आणि अभिमानानं ऐकला होता. हीच जिन्नस आपल्या घराला लावायची म्हणून त्यानं तो डबा मुद्दाम शोधून आणला होता.

त्यानं बोट जिभेला लावलं. गोड लागलं.

तो खाली बसला. चार दिवसांतल्या सफरचंदाच्या फोडी त्याला एकेक दिसू लागल्या. ती केरसुणी दिसली. आणि मग त्या चार खाचा दिसल्या, आणि त्याची पाचावर धारण बसली. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. शाळेत पाढे डोक्यात शिरत नव्हते. मास्तर मठ्ठ म्हणायचे, आणि घोटीवनं त्या मठ्ठपणासाठी त्याला पट्टीनं मारलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा.

त्या दुपारी त्यानं सारी खोली ओल्या फडक्यानं पुसली. फडकं बादलीत, बादली मोरीत, पुन्हा नवं पाणी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं लाकडाला पाणी लावलं. मग दाराला कुलूप घातलं आणि सुनेला म्हणाला, "तू थोडे दिवस आईकडं जा."

"का? मी काय केलं?"

"रंगाचा वास येईल."

"अजून डबा उघडला नाही तोवर वास? बाबा, माझ्या बडबडीला कंटाळलात असं सरळ सांगा." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

ती गेली नाही. घोटीवनं दोन दिवस काढले, तेही कसे, ते त्यालाच ठाऊक. ती खोकली की तो उठून उभा राही. ती पोटावर हात ठेवून "आज शांत आहे हा," म्हणाली, तर तो अर्धा चहा तसाच टाकून पुन्हा कुलूप ओढून बघायला गेला. सांगावं तर मुलाला ते दातांचंही सांगावं लागणार. न सांगावं तर पोटातलं पोर. असा तो दोन्हीकडून कोंडीत सापडला होता.

तिसऱ्या दिवशी मुलाला सुट्टी होती. तिघं जेवायला बसली. घोटीवनं ताट दूर सारलं आणि सांगून टाकलं. दुकानदाराचं सांगितलं, गोड चवीचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. खिडकीच्या फळीचंही सांगितलं. सांगताना तो कुणाकडं बघत नव्हता, ताटातल्या मिठाकडं बघत होता.

सुनेचे दोन्ही हात पोटावर गेले. ती म्हणाली, "दोन दिवस? दोन दिवस गप्प बसलात?"

"भ्यालो, बाई."

"आणि मी रोज त्या दाराशी जाऊन उभी राहत होते. कुलूप का घातलंय म्हणून फटीतून बघत होते." ती उठली आणि तोंड धुवायला गेली. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला.

मुलानं हात धुतले, पायांत चपला घातल्या. "दवाखाना चारपर्यंत उघडा असतो," एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, सुनेचं रक्त घेतलं आणि मग घोटीवकडं वळून म्हणाल्या, "तुमचंही द्या." त्याला वाटलं, कशाला वाया घालवायचं. पण दिलं. आपल्याबद्दल मुलानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी त्याचा माग लागत नाही. त्यामुळंच झालं असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही." मुलानं मान हलवली. घोटीवला वाटलं, हा दोन शिव्या देईल तर बरं. त्यानं दिल्या नाहीत.

चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सून माहेरी होती, आणि घरात बापलेक एकमेकांना वाट देत वावरत होते. मुलानं सुताराला बोलावून खिडकी आणि दाराची चौकट मुळासकट काढायला लावली, ओली करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. घोटीव बाहेरच्या पायरीवर बसून ते आवाज ऐकत होता.

कागद आले. सुनेच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. "शून्य असतं तर मी खूश झाले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण एवढ्यानं हातपाय गाळायचे नाहीत. लोहाच्या गोळ्या घे, नीट जेव, त्या खोलीकडं फिरकू नकोस. बाळ झालं की नाळेतलं रक्त तपासू." मग त्यांनी दुसरा कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "पोटात कळा येतात का हो तुमच्या?"

"वीस वर्षं. गॅसच्या."

"गॅसच्या नव्हेत त्या, शिशाच्या. आजपासून काम बंद. कुणाच्याही घरी नाही."

बाहेर आल्यावर सून त्याच्या शेजारी चालू लागली. चार दिवसांनी तिनं पहिल्यांदा त्याला हाक मारली. "बाबा, औषध वेळेवर घ्याल की मी बसू डोक्यावर?"

"बस तू डोक्यावर," तो म्हणाला, आणि औषधाची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

नववा महिना भरला आणि एका सकाळी मुलगी झाली. नर्सनं सांगितलं, वजन चांगलं आहे, रडली जोरात. नाळेतलं रक्त बाटलीत घालून तपासायला पाठवलंय, उत्तर यायला चार दिवस. घोटीव दवाखान्याच्या बोळातल्या बेसिनपाशी उभा राहिला आणि हात धुवू लागला. साबण कोपरापर्यंत लावला, नखांत घातला, धुतला. पुन्हा लावला. चाळीस वर्षांचा रंग हाताच्या रेघांतून कधीच निघाला नव्हता, तो आज निघेल अशी त्याची समजूत नव्हती. तरी तो धूतच राहिला. हात लाल झाले, कातडी चुरचुरू लागली.

मुलगा येऊन शेजारी उभा राहिला. मग त्यानं नळ बंद केला, खिशातला रुमाल काढून बापाचे हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

"चला. ती वाट बघतेय."

"उत्तर येऊ दे आधी. चार दिवसांनी घेतो."

"चार दिवस ती कुणाकडं बघेल?"

घोटीव त्याच्या मागोमाग गेला. सुनेनं दुपटं त्याच्या पुढं धरलं. त्यानं दोन्ही हातांवर आधी पांढरा टॉवेल पसरला, टोकं मनगटाभोवती गुंडाळली, आणि मग नातीला घेतलं. ती डोळे मिटून होती. तिनं तोंड वळवलं आणि टॉवेलचा कोपरा ओठांत धरला. घोटीवनं तो इतक्या झटक्यात ओढून घेतला की ती रडायला लागली.

"अहो बाबा, टॉवेल धुतलेला आहे," सून म्हणाली.

"असेल," तो म्हणाला, आणि टॉवेल आणखी दूर सरकवला.